दोर जागेवर होता

प्रिय डॉम,

तुझा अहवाल आला. काल दुपारी साडेतीनला, ईमेलने, चार पानांचा. त्यातली शेवटची शंका मी फोन करून फेडून घेतली. जॉर्जियातल्या त्या डोंगरावरच्या बचाव पथकाचा प्रमुख स्वतः फोनवर आला आणि तुटक इंग्रजीत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, "दोर जागेवर होता. त्या सकाळी माझ्याच माणसाने बांधला होता. तुमचा भाऊ दोराखालून गेला."

"नक्की?" मी विचारलं.

"नक्की. आय अ‍ॅम सॉरी."

दहा महिने मी या एका वाक्याची वाट पाहिली. खरं सांगू? ते वाक्य असं निघू नये म्हणून नऊ दिवसांच्या प्रार्थनेची नोव्हेनासुद्धा केली. मी! रविवारी चर्चमध्ये मिस्साला उशिरा जाणारा आणि लवकर निघणारा! पलीकडे जाऊ नका सांगणारा तो दोर पडलेला असता, कोणी बांधायचा विसरला असता, तर दोष त्यांचा होता. मग आईसमोर बसून म्हणता आलं असतं, त्यांच्या चुकीने तुझा मुलगा गेला. आता काय म्हणू?

म्हणून आज लिहितोय. तू वाचणार नाहीस, ठाऊक आहे. वर्तमानपत्राच्या डेस्कवर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला न वाचणाऱ्यांसाठी लिहायची सवय असते.

आधी तुझं खोटं काढतो, मग माझं.

अकरा वर्षं तू दुबईच्या त्या मॉलमधल्या बर्फाच्या हॉलमध्ये काम केलंस. पहिली दोन वर्षं काउंटरवर, लोकांना जॅकेट आणि बूट द्यायला. अल क्वोजच्या कामगार वस्तीत, एका खोलीत आठ जणांत राहायचास तेव्हा. मग त्या फिलिपिनो मित्राने तुला पायात स्की बांधून उतरायला शिकवलं, आणि वसईच्या केळीच्या वाडीतला माझा भाऊ स्कीचा कोच झाला. बाहेर पंचेचाळीस, आत उणे दोन. आणि आईला काय सांगितलंस? "एसीतली नोकरी आहे."

खोटं तरी काय होतं म्हणा त्यात!

आई मिस्सानंतर चर्चच्या आवारात भेटेल त्याला सांगायची, "माझा डॉमू दिवसभर एसीत." आणि दुबईला येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत तुझ्यासाठी सुती बनियनं कोंबायची, वर कोकम आणि बोंबलाचं लोणचं. दुबईत उकडतं ना! तू थर्मलच्या आत तेच बनियन घालायचास. "पहिला थर आईचा," म्हणायचास, आणि दात वाजत असताना हसायचास.

मी एकदा तुला म्हटलं होतं, सांगून टाक. तू म्हणालास, "दादा, पायाला फळ्या बांधून उतारावरून घसरतो, असं सांगू तिला? रात्रभर माळ घेऊन बसेल ती. कशाला टेन्शन?" मी मान हलवली. आपण सगळेच हे करतो ना इथे? घरी फक्त चांगली बातमी पाठवायची. ताप येतो, बॉस शिव्या देतो, शारजाच्या ट्रॅफिकमध्ये रोज तीन तास जातात, आणि फोनवर आपण म्हणतो, आम्ही मजेत. तू फक्त ते जरा जास्त नीट केलंस.

मग फेब्रुवारीतला तो प्रवास. अकरा वर्षं बर्फात काम करून तू आभाळातून पडलेला बर्फ पाहिला नव्हतास! हॉलमधला यंत्रातून उडवलेला, रोलरने दाबलेला, रोज तोच. तुला पावडर हवा होता. रात्री पडलेला, कोरडा, हलका, कोणाचा पाय न लागलेला बर्फ, त्याला तुम्ही लोक पावडर म्हणता, हे मला तूच सांगितलंस. इथून विमानाने साडेतीन तासांवर जॉर्जिया. तू मुद्दाम लहान जागा शोधलीस: दोन लिफ्ट, एक लॉज, एक कॅन्टीन, आणि फारशी गर्दी नाही. पोरीची, एलिसाची, परीक्षा म्हणून लविना येऊ शकली नाही, तुझ्या बायकोच्या जागी मी आलो. आईला तू सांगितलंस, अबू धाबीला ट्रेनिंग आहे. मीही मागून ओरडलो, "हो आई, मीपण आहे!"

पोहोचलो त्या संध्याकाळचा व्हिडिओ कॉल आठवतो? खिडकीबाहेर बर्फ पडायला लागला होता, तू वेड्यासारखा काचेला नाक लावून उभा होतास, आणि आईचा फोन आला. तू जॅकेट काढलंस, स्वेटर काढलास, थर्मल काढलंस, आणि आईच्या बनियनवर, पाठ भिंतीला लावून, हीटरशेजारी बसलास. मी खिडकीचा पडदा ओढला.

"घाम येतोय का रे?" आई म्हणाली.

"थोडा."

"मग पंखा लाव ना. स्टॅनी कुठाय? त्याला म्हणावं पंखा लाव. कोकम पितोस ना?"

"पितो गं."

"लोणचं संपलं असेल. पाठवते."

फोन ठेवल्यावर तू पलंगावर पडून इतका हसलास की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसलो. ते तिचं आणि तुझं शेवटचं बोलणं, डॉम. एका आईला तिच्या मुलाचा चेहरा शेवटचा दाखवताना आपण पडदा ओढला होता!

सकाळी तू मला लाथ मारून उठवलंस. "दादा, ऊठ! मांडीपर्यंत आहे! आभाळातून पडलाय, फुकट!" चाळीस वर्षांचा माणूस, आणि मोजे उलटे घातले होतेस.

लिफ्टवर तो म्हातारा होता, लोकरी टोपीचा. त्याने आपल्याकडे पाहिलं आणि हाताची दोन बोटं वर केली. "टू," म्हणाला. "टुगेदर. ऑलवेज टू." ताज्या खोल बर्फात एकट्याने जायचं नाही, एकाने दुसऱ्याला नजरेत ठेवायचं, एवढा नियम त्याला इंग्रजीत येत होता. तू त्याला सलाम ठोकलास आणि म्हणालास, "येस हबीबी."

पहिल्या उतरणीला तू पडलास. कोचसाहेब! दबलेल्या कडक बर्फावर अकरा वर्षं लोकांना उभं राहायला शिकवणारा माणूस त्या मऊ बर्फात दहा फुटांवर तोंडावर आपटला. मी तर पडायलाच आलो होतो, पण तू? उठलास तो मिशीत बर्फ, टोपी कुठेतरी, आणि चेहऱ्यावर असा आनंद, जो मी तुझ्या लग्नातही पाहिला नव्हता. "दादा, अकरा वर्षं मी मीठ विकलं रे, साखर म्हणून!"

दुसऱ्या उतरणीला तुला जमू लागलं. पाय जवळ घेतलेस, गुडघ्यांत सैल झालास, आणि खाली येताना तुझा आवाजच होत नव्हता. मी वरून पाहत होतो. तो माझा भाऊ होता, हे मला लोकांना ओरडून सांगायचं होतं, आणि आजूबाजूला सांगायला कोणी नव्हतं.

मग माझा फोन वाजला.

मी सुट्टीवर होतो. डेस्कला ते माहीत होतं. तरी त्यांनी फोन केला, कारण मी कधी नाही म्हणत नाही हेही त्यांना माहीत होतं. एका बातमीची भाषा सुधारायची होती, चारशे शब्द. कशाची बातमी ते आज आठवतसुद्धा नाही. मी खाली कॅन्टीनमध्ये जाऊन बसलो. तू दारात उभा, बुटांनी जमीन आपटत. "दादा, यल्ला, चल! खलास कर ते!"

"दहा मिनिटं."

"तुझी दहा मिनिटं मला माहीत आहेत."

"डॉम, डेडलाइन आहे."

"बर्फाला पण आहे," तू म्हणालास. "उन्हं आली की संपलं." आणि निघालास. दोन बोटं वर केलेली तू पाहिली होतीस ना? मीही पाहिली होती. त्या दोघांतला दुसरा मी होतो.

मला बावीस मिनिटं लागली. बातमी वेळेत गेली. एकही चूक नव्हती.

पुढचं अहवालात आहे. तू तिसऱ्या उतरणीला उजवीकडे वळलास, दोराखालून झाडांत गेलास, जिथे बर्फावर एकही रेघ नव्हती. सुरूसारख्या त्या झाडांच्या फांद्या खाली झुकलेल्या असतात, म्हणून बुंध्याभोवती बर्फ बसत नाही, पोकळ खड्डा राहतो, वरून दिसत नाही. तू त्यात डोकं खाली, पाय वर असा गेलास, श्वास कोंडला. एक स्की वर दिसत होती. एवढंच बाहेर होतं. माणूस शेजारी असता तर पाय धरून ओढून काढता आलं असतं, असं अहवाल म्हणतो. 'मृत व्यक्ती एकटी होती,' असं पुढचं वाक्य आहे. त्या अहवालाचा संपादक मी असतो तर हे वाक्य आधी घेतलं असतं.

अहवालात कोण, काय, कुठे, केव्हा, सगळं आहे. का, ते नाही. तू दोराखालून का गेलास? तू बेफिकीर नव्हतास. पोरांच्या हेल्मेटचे पट्टे तीनदा तपासणारा तू!

काल रात्रभर विचार करून मला ते कळलं, डॉम, आणि कळल्यावर तुझा जास्तच राग आला. हॉलमध्ये दोर बांधणं आणि सोडणं तुझंच काम होतं. वाढदिवसाच्या पार्टीला एक भाग, शाळेच्या मुलांना दुसरा. मी शुक्रवारी यायचो तेव्हा तू स्कीच्या काठीने दोर उचलायचास, "या, व्हीआयपी एन्ट्री!" आणि मी वाकून आत यायचो. तिथे दोरापलीकडे काय होतं? गादी लावलेली भिंत. भिंतीपलीकडे बुटांचं दुकान. अकरा वर्षांत दोरामागे कधी काही झालं नाही, कारण दोरामागे काही नव्हतंच. तुझ्या हाताला सवय होती. तुझ्यासाठी दोर म्हणजे लोकांना रांगेत ठेवायची वस्तू, आणि तू काही लोकांतला नव्हतास!

असं मरतात का रे कोणी? सवयीने?

आता माझं खोटं.

आखातातून मरण कधी एकदम कळवत नाहीत. पहिला फोन: अ‍ॅडमिट केलंय. दुसरा: सिरियस आहे. मग घरी फादरांना पाठवायचं. मी तसंच केलं, एकेक पायरी, वेळ पाहून. आईने फादरांना दारात पाहिलं, खुर्ची दिली आणि चहा ठेवला. गावातल्या प्रत्येक आईला ही पद्धत पाठ आहे. तिला पहिल्या फोनलाच कळलं होतं. मला तिने एकच विचारलं, "कशाने?"

"हार्ट अटॅक," मी म्हणालो. "अबू धाबीत. ट्रेनिंगला."

उत्तर तयार होतं माझं. मी तुझा मृत्यू संपादित केला, डॉम! डोंगर काढला, बर्फ काढला, तो दोर काढला, कॅन्टीनमधला एक माणूस काढला. चर्चमध्ये तेच वाचलं गेलं. लविनाला खरं ठाऊक होतं. ती कबरीपाशी माझ्याकडे बघत होती. एलिसालाही आम्ही तेच सांगितलं, पोर आजीपुढे बोलून जाईल म्हणून.

वाटलं, आईला बरं पडेल. झोपेत गेल्यासारखं. आणि झालं काय, ऐक.

तुझ्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला आईने मला फोनवर विचारलं, "स्टॅनी, लोणच्यात मीठ फार असायचं का रे?" मला आधी कळेना. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतात मीठ हृदयाला वाईट. अकरा वर्षं मी बरण्या पाठवल्या." तेव्हापासून आई मीठ खात नाही, डॉम. आळणी जेवते. शेजारच्या काकू सांगतात, ताटात मीठ वाढलं तर ताट सरकवते. या नाताळात काही करायचं नाही म्हणाली. तिला वाटतं, तुला तिने मारलं!

आणि तुझी एलिसा. आईने लविनाच्या मागे लागून तिचं हृदय दोनदा तपासून घेतलं. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत आहे. आई म्हणते, "डॉमूचंही ठणठणीतच होतं ना?" लविनाने शेवटी कंटाळून शाळेला चिठ्ठी दिली.

गेल्या महिन्यात शाळेत स्पोर्ट्स डे होता. अकरा वर्षांची पोर, तुझ्यासारखे लांब पाय, माझ्या शेजारी प्रेक्षकांत बसली होती. मी विचारलं, "तू पळत नाहीस?"

"ममाने लेटर दिलंय, अंकल." मैदानाकडेच बघत होती. "आय हॅव पप्पाज हार्ट."

मी खाली वाकून तिच्या बुटांच्या लेस बांधल्या. त्या बांधलेल्याच होत्या.

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. एलिसा मागे झोपली होती. लविना हळू आवाजात म्हणाली, "दादा, आता बस झालं. सांगा आईंना."

"रिपोर्ट येऊ दे."

"रिपोर्टने डॉम परत येणार आहे?"

"दोर पडलेला असेल तर..."

"तर काय?" ती माझ्याकडे वळली. "तर तुम्ही सुटाल. एवढंच ना? नऊ महिने तुम्ही त्याच्यासाठी थांबला नाहीत, दादा. तुमच्यासाठी थांबलात."

पुढची गाडी हलली तरी मी हललो नाही. मागून सगळे हॉर्न वाजवत होते.

ती बरोबर बोलली. डेस्कवर मी पोरांना शिकवतो, खात्री झाल्याशिवाय छापू नका. या नियमाआड किती सोयीने लपता येतं! हृदयविकाराची खात्री कुठे होती मला? ते तर मी एका मिनिटात छापलं.

तुझ्यावर राग आहे, डॉम, तो जाईल असं वाटत नाही. तुला दहा मिनिटं थांबता आलं नाही. बावीस, बरोबर आहे, बावीस. आईला खरं सांगता आलं नाही. अकरा वर्षांत एकदा जरी तिला तो हॉल दाखवला असतास, ती ओरडली असती, माळ घेऊन बसली असती, आणि मग गावभर सांगितलं असतं की माझा डॉमू बर्फावर उडतो. तू तिला हे दिलं नाहीस. तिच्याकडे जो डॉमू आहे, तो एसीत बसून घाम पुसणारा कोणी दुसराच आहे. तिने अनोळखी माणूस पुरला रे!

आणि माझ्यावरचा राग कुठे पाठवू?

तर पुढचं असं. शनिवारी सकाळच्या विमानाने आम्ही तिघं निघतोय, लविना, एलिसा आणि मी. शाळेला नाताळची सुट्टी लागलीय. दुपारपर्यंत घरी पोहोचू. अहवालाचं मी मराठी केलंय, आईला कळेल असं, साधं. एक वाक्य माझ्या पदरचं घातलंय, कारण ते त्या लोकांना माहीत नव्हतं: तेव्हा मोठा भाऊ खाली कॅन्टीनमध्ये बसून काम करत होता. एलिसा समोर असेल. तिनेही ऐकायचंय.

आई काय करेल? एक थोबाडीत मारेल, कदाचित. कदाचित उठून वाडीत निघून जाईल आणि अंधार पडेपर्यंत यायची नाही. मीठ ती परत खाईल का, ठाऊक नाही. पण त्या बरण्यांचं ओझं तिच्या अंगावरून उतरेल, ते माझ्या अंगावर येईल. तिथेच त्याची जागा आहे.

तुला शब्द देतो, डॉम. या वेळी अ‍ॅडमिट नाही, सिरियस नाही, फादर नाहीत. एकदम सांगेन, चहाच्या आधी, सगळं, पडद्यासकट. आणि जानेवारीत शाळा उघडेल तेव्हा एलिसाच्या दप्तरात ती चिठ्ठी नसेल.

एक मात्र नक्की घडेल. मी वाचून संपवलं की आई विचारेल, "एवढ्या थंडीत गेला. अंगात बनियन तरी होतं का?"

होतं, आई. बचाव पथकाने कपड्यांची पिशवी दिली तेव्हा मी पाहिलं, सगळ्यांत आत तेच होतं. ते मी तुला दिलं नाही, ओलं कसं, असं विचारशील म्हणून. माझ्या कपाटात आहे, धुतलेलं नाही. शनिवारी ते तुझ्या हातात देईन.

तुझा दादा,
स्टॅनी
शारजा